नीट बसवलेलं मशीन

मशीन बंद पडलं की मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्याकडे तात्यांच्या पडायच्या. आणि त्यांची मुलगी, म्हणजे मी, आत चहाचं आधण ठेवता ठेवता देवाचे आभार मानत असायची. हसा खुशाल. विटांचा हंगाम ऐन भरात असताना मशीन बिघडावं म्हणून घरच्याच पोरीने देव पाण्यात घालून बसावं, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण तेव्हाची माझी गत तीच होती, आणि आता या वयात खोटं कशाला बोलू?

बडोद्याबाहेर, तरसालीच्या पलीकडे, जांबुव्याच्या वाटेवर आमचा विटांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, पुढे विटा वाळत घालायचं पटांगण, मागे भट्टी आणि बाजूला आमचं तीन खोल्यांचं घर. तात्या, म्हणजे माझे वडील, गाव त्यांना तात्यासाहेब म्हणायचं, ते आधी संस्थानच्या बांधकाम खात्यात होते. संस्थान गेलं, मुंबई राज्य आलं, ते जाऊन गुजरात झालं, आणि तात्यांच्या हातात अहमदाबादला बदली झाल्याचा हुकूम पडला. आमचे निम्मे नातेवाईक तोवर पुण्याला निघून गेले होते. तात्या म्हणाले, बडोदं सोडून मी कुठेही जायचा नाही. नोकरी सोडली, एका जुन्या गोदामाच्या लिलावात विटा दाबायचं एक विलायती मशीन घेतलं आणि इथे येऊन बसले.

मशीन ओतीव लोखंडाचं होतं आणि दोन म्हशींएवढी जागा अडवायचं. ऑइल इंजिनच्या पट्ट्यावर चालायचं. वरून मळलेली माती टाकली की ती साच्यात बसायची, मग वरचा दट्ट्या धाडकन खाली यायचा आणि खालून वीट बाहेर पडायची, चारही कोपरे शाबूत, अंग गुळगुळीत. तोवर आमचे शनाभाई आणि त्यांच्या घरची माणसं उकिडवी बसून लाकडी साच्यात हाताने विटा पाडायची. मशीन आलं त्या दिवशी शनाभाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि तोंड वाकडं केलं. पण पाठ दुखायची थांबली तसा त्यांचाही त्याच्यावर जीव बसला.

पहिल्याच हंगामात दट्ट्या तिरका पडायला लागला. विटेचा एक कोपरा दबायचा, एक फुगायचा. तात्यांनी चौकशी केली, तेव्हा कुणीतरी प्रतापनगरच्या एका फिटरचं नाव सांगितलं. रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला, आईबरोबर क्वार्टर्समध्ये राहतो, हात चांगला आहे, रविवारी बाहेरची कामं करतो. तो रविवारी सायकलवरून आला. नाव दामोदर.

आता तो दिसायला कसा होता ते विचारू नका. माणसासारखा होता. सावळा, उंच, बोलायला कंजूष. पण त्याने मशीनच्या अंगावरून हात फिरवला ना, तो ज्या मायेने फिरवला, ते मी दारातून पाहिलं आणि झालं. माझं मी काही ठरवलं नाही. बटाटे चिरत होते, चिरायचे राहिले.

तेव्हापासून मशीन वरचेवर बिघडायला लागलं. दर पंधरवड्याला काहीतरी व्हायचंच. दट्ट्या सैल, नाहीतर पट्टा घसरतोय, नाहीतर साच्याची एक बाजू आवाज करतेय. तात्या निरोप पाठवायचे आणि रविवारी सायकल दारात. मला आपलं वाटायचं, काय नशीब आहे! मग एक दिवस शनाभाई पाणी प्यायला ओट्याशी आले, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, ‘‘मंदाबेन, आ मिस्त्री नट अडधो ज फेरवे छे.’’

नट अर्धाच आवळतो. म्हणजे आठ-पंधरा दिवस दणके बसले की तो आपोआप ढिला होणार आणि ह्याला पुन्हा बोलावणं जाणार. शनाभाई सांगून निघून गेले आणि मी तांब्या हातात धरून तशीच उभी. सांगते तुम्हांला, पुढे आयुष्यात मला पुष्कळ काही मिळालं, पण त्या दुपारी मिळालं तेवढं सुख पुन्हा नाही. इतका सरळ माणूस, हातचं काम म्हणजे ज्याला पूजा, तो माझ्यासाठी काम अर्धं ठेवत होता.

बरं, मग बोलावं की नाही? पण नाव नको! आमच्या घरात तर कुणी कुणाशी सरळ बोलायचं नाही हीच रीत. तात्यांनी जन्मभर दरबारी अदब सांभाळली. न्हाव्यालाही अहो-जाहो. भाजी खारट झाली तर एका शब्दाने म्हणायचे नाहीत, मुकाट्याने पाणी जास्त प्यायचे. आई होती तोवर ती सगळ्यांच्या वाटचं बोलायची. ती गेली आणि घरात नुसती अदब उरली. आणि हा दामोदर आमच्याहून वरताण. शेडमधले सगळे मला मंदाबेन म्हणायचे, मराठी मंडळी मंदाताई म्हणायची. दामोदर काहीच म्हणायचा नाही. पाणी हवं असलं की दाराशी येऊन खाकरायचा. ‘‘जरा पाणी,’’ बस्स. पण ताई म्हणणं त्याने कसोशीने टाळलं होतं, आणि वेडी मी तेवढ्यावर आठवडा काढायची.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असायची. त्या दिवशी इंजिन बंद, सगळी हत्यारं धुऊनपुसून ठेवलेली, दट्ट्याला झेंडूचा हार. काही बिघडलेलं नसताना तात्यांनी दामोदरला जेवायला बोलावलं. आपल्या शेजारी पाट मांडायला लावला, आईची चांदीची वाटी काढायला सांगितली आणि स्वतः आग्रह करून त्याला श्रीखंड वाढायला लावलं. त्याच्या आईची चौकशी केली, मूळ गाव विचारलं, भाऊबंद किती ते विचारलं. मला त्यात काही नवल वाटलं नाही. तात्या सगळ्यांशीच असे वागायचे. मी वाढत होते, आणि पुरी वाढताना त्याच्या ताटाजवळ हात जरा रेंगाळला असेल तर तो माझा मी जाणे.

तो हंगाम चांगला सुरू झाला. मागणीही खूप होती, गावात नव्या सोसायट्या बांधायला निघाल्या होत्या. आणि अशात दट्ट्या पुन्हा तिरका झाला, ओली माती शेडमध्ये वाळून दगड झाली, शनाभाईंची माणसं हातावर हात ठेवून बसली. दामोदर आला. मी खिडकीतून पाहत होते. तात्या धोतराचा सोगा सावरत शेडमध्ये गेले आणि मशीनच्या मोठ्या चाकावर हात ठेवून त्याच्याशी बराच वेळ बोलले. काय बोलले ते एवढ्या लांबून कळलं नाही. दामोदर मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने एकदाच मान वर करून घराकडे पाहिलं. मी खिडकीतून मागे सरकले. कशाला सरकले, कोण जाणे!

त्या दिवशी त्याने सगळं मशीन खोललं. एक एक भाग काढून रॉकेलने धुतला. पुढच्या रविवारी पुन्हा आला, कुठूनतरी नवा खिळा आणि नव्या पट्ट्या कातून आणल्या होत्या, त्या बसवल्या. तिसऱ्यांदाही आला. मी तीनदा चहा नेला, तिन्ही वेळा त्याने तो उभ्यानेच प्यायला. एरवी ओट्यावर टेकायचा, कपाच्या तळाशी चहा गार होईपर्यंत रेंगाळायचा. शेवटच्या दिवशी इंजिन चालू करून दट्ट्याचे ठोके कान लावून ऐकले, हात पुसले, तात्यांना नमस्कार केला. मजुरी घेतली नाही. सायकलला टांग मारताना आपल्यात ‘येतो’ म्हणतात, तेही म्हणाला नाही.

मग मशीन जे चालायला लागलं, ते चालायलाच लागलं. पंधरवडा गेला, महिना गेला. ठोक्यावर ठोका, विटेवर वीट, सगळ्या एकसारख्या. तात्या खूष, शनाभाई खूष. मला तो आवाज ऐकवेना. सकाळी इंजिन सुरू झालं की वाटायचं, आज तरी काहीतरी कडकड करेल, आज तरी पट्टा सुटेल. काही म्हणजे काही नाही. एकदा सगळे जेवायला गेले असताना मी मातीत मूठभर खडी मिसळली. शनाभाईंनी ती माती साच्यात टाकली, दट्ट्या आला आणि खडीचा चुरा करून वीट बाहेर पडली, बाकीच्या विटांसारखीच देखणी. तेव्हा मी ओळखलं. या माणसाने नट पुरता फिरवला होता. आता त्याला इथे यायचं नव्हतं.

राग आला मला. असा राग की ताटं आपटली, शनाभाईंच्या सुनेवर उगाच खेकसले. दोन वर्षं अर्धा नट फिरवत होतास, आता काय झालं? मनात नव्हतं तर आधीच नीट बसवायचं होतंस. आणि मनात होतं, तर एवढी चांगली कारागिरी आताच कुठून सुचली? रात्रंदिवस हेच. शेवटी हंगाम संपत आला, वैशाखातलं ऊन तापलं, आणि मी ठरवलं. सरळ विचारायचं. घरात कुणी विचारत नाही ना, मी विचारीन. नाक कापलं गेलं तर गेलं.

तात्यांना म्हटलं, बाजारात जाऊन येते. बस पकडून प्रतापनगरला गेले आणि वर्कशॉपच्या फाटकासमोर लिंबाखाली उभी राहिले. भोंगा झाला तशा सायकलीच सायकली बाहेर पडायला लागल्या. एवढ्या माणसांतून मला तो लांबूनच दिसला. त्यालाही मी दिसले. सायकल हातात धरून तो रस्ता ओलांडून आला आणि त्याच्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. हळकुंडाचं काकण बांधलेलं होतं. दोरा अजून पिवळाधमक.

‘‘मशीन बिघडलं?’’ त्याने विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘नाहीच बिघडणार आता.’’ थोडा वेळ हँडलशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ‘‘तात्यासाहेबांना शब्द दिला होता. ते म्हणाले, यंदा मला मुलीचं लग्न करायचंय, हे मशीन एकदाचं नीट करून द्या. मग मी काय करायचं होतं?’’

मला विचारायचं होतंस, हे ओठांवर आलं होतं. पण काकण दिसत होतं, म्हणजे घरी नवी नवरी आलेली होती. त्या बिचारीने माझं काय वाकडं केलं होतं? ती त्या घडीला त्याच्या घरी पोळ्या लाटत असेल. आजूबाजूने सायकली घंट्या वाजवत चालल्या होत्या.

‘‘तुमचं ठरलं का कुठे, मंदाताई?’’ त्याने विचारलं.

पहिल्यांदा ताई म्हणाला.

‘‘मशीन छान चाललंय,’’ मी म्हटलं. ‘‘तेवढंच सांगायला आले होते.’’

घरी कशी आले ते आठवत नाही. येताना भाजी आणली होती एवढं आठवतं, कारण तात्यांनी दोडक्याचं कौतुक केलं.

माझं लग्न झालं नाही. म्हणजे मी होऊ दिलं नाही. तात्यांनी पुढे स्थळं आणली, चांगली होती, एक तर बँकेतला होता, मी नको म्हटलं. का, म्हणून तात्यांनी एकदाही विचारलं नाही. अदब! हळूहळू स्थळं यायची थांबली आणि कारखान्याचं सगळं मीच बघायला लागले. माती कुठली आणायची, भट्टी कधी लावायची, गाडी कुणाकडे पाठवायची. लोक म्हणायचे, मंदाबेन पुरुषाला भारी आहे. तरसालीत अर्धी घरं माझ्या विटांची आहेत. मजेत गेलं म्हणा ना आयुष्य. फक्त दर दिवाळीनंतर हंगामाचा पहिला ठोका पडायचा तेव्हा छातीत कळ यायची, आणि ती पहिल्या वर्षी जेवढी यायची तेवढीच यायची. काळ हा मोठा वैद्य वगैरे म्हणतात ना, त्याला माझ्याकडे पाठवा.

दामोदरची खबर लागायची अधूनमधून. मुलं झाली, बढती झाली. मंगळबाजारात एकदा बायकोबरोबर दिसला, गोरीशी, हसरी. मी दुसऱ्या गल्लीत वळले.

तात्या पुढे खूप थकले. डोळे अधू झाले, पण कान शाबूत. दुपारी खाटेवर पडून मशीनचे ठोके ऐकायचे. मशीन अजून चालतच होतं, तेल-पट्ट्यापलीकडे त्याला कधी काही लागलं नाही. अशाच एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल चोळत बसले होते, आणि ते आपणहून म्हणाले, ‘‘काय सुंदर काम केलं होतं गं त्या मुलाने. दामोदरने.’’

मी हूं म्हटलं.

मग थोड्या वेळाने म्हणाले, मला तो फार आवडला होता. तुझ्यासाठी मनात होता माझ्या.

माझा हात थांबला. त्यांना ते कळलं नाही, ते आपले आढ्याकडे बघत बोलत राहिले. शांतपणे, हवापाण्याचं बोलावं तसं. खंडेनवमीला त्याला जेवायला बोलावलं ते त्याचसाठी, घराण्याची चौकशी केली तीही त्याचसाठी. पण मुलगा पडला आपल्याकडे कामाला. आपली मजुरी घेणारा. त्याला सोयरिकीचं कसं विचारायचं? म्हणून म्हटलं, आधी मशीनचं काम एकदाचं पुरं होऊ दे. देणंघेणं संपलं, तो मोकळा झाला, की मग बरोबरीच्या नात्याने त्याच्या आईकडे जायचं. हंगाम उरकत आला तसा मी नारळ घेऊन गेलोही होतो प्रतापनगरला. दारात मांडव होता. तसाच परत फिरलो.

‘‘तात्या,’’ मी म्हटलं. ‘‘त्याला माझं लग्न करायचंय एवढंच म्हणालात. त्याच्याशी करायचंय, हे का नाही म्हणालात?’’

मी शब्दन् शब्द कुठून सांगतेय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

‘‘हातात पाना होता गं त्याच्या,’’ तात्या म्हणाले. ‘‘अशा वेळी मालकाने मुलगी पुढे केली, तर गरिबाने नाही कसं म्हणायचं? त्याच्या मनात दुसरी कुणी असती तर? माणसाला नाही म्हणायची जागा ठेवावी.’’

मला जे हवं होतं, नेमकं तेच मला द्यायला माझा बाप निघाला होता. आणि माझं लग्न नीट पार पडावं म्हणूनच दुसऱ्याने आपला जीव तोडून मशीन दुरुस्त केलं होतं. मी ज्या दोन माणसांवर जन्मभर रागावले, त्या दोघांनी माझं बरंच चिंतलं होतं. ओरडावंसं वाटलं. त्यांच्या पायांवर डोकं आपटून रडावंसं वाटलं. पण त्यांचे पाय काटकुळे झाले होते, नुसती हाडं, आणि तेलाने चकाकत होते.

‘‘मंदा,’’ त्यांनी बऱ्याच वेळाने हाक मारली. ‘‘तुला पसंत पडला असता का गं तो?’’

सगळ्या जन्मात त्यांनी मला सरळ विचारलेला हा एकच प्रश्न. अधू डोळे माझ्या दिशेने वळवून ते वाट बघत होते, आणि मला दिसत होतं, मी हो म्हटलं तर हा म्हातारा आज जेवायचा नाही, उद्याही नाही.

‘‘कोण जाणे, तात्या,’’ मी म्हटलं. ‘‘माझं कुठे लक्ष होतं त्याच्याकडे.’’

‘‘मग ठीक,’’ ते म्हणाले आणि कुशीवर वळून झोपले.